चोवीस इंची जुन्या सायकलची फ्रेम घरच्या घरी मोजताना : प्रकल्प नोंदी

वडिलांनी १९७४ मध्ये सांगलीत घेतलेली काळी, रॉड ब्रेकची, चोवीस इंची (हे माप सीटच्या नळीचे, चाकाचे नव्हे) सायकल या दिवाळीत मी पुण्याला आणली. तिला पुन्हा रंग आणि निकेल करून रोजच्या वापरात आणायचे आहे. मात्र त्यावर खर्च करण्याआधी फ्रेम सरळ आहे की नाही हे कळायला हवे होते, कारण चालवताना तिचे हँडल विलक्षण जड लागत होते आणि सावकाश वळताना पुढचे चाक आपण होऊन आत पडत होते. फ्रेमचा नकाशा कुठेही मिळण्यासारखा नव्हता. म्हणून घरच्या साधनांनी तिचे कोन आणि लांब्या मोजून कागदावर पूर्ण आकारात उतरवण्याचे ठरवले. अशीच सायकल मोजू पाहणाऱ्याचे दोन-तीन रविवार वाचावेत, यासाठी या नोंदी चुकांसकट ठेवल्या आहेत.

९ नोव्हेंबर २०२४

आजचा दिवस मोजमापाविनाच गेला. पुढच्या टायरला भेगा होत्या आणि ट्यूबमध्ये हवा टिकत नव्हती. एका चाकात हवा कमी असेल तर सगळी सायकल त्या बाजूला झुकते आणि प्रत्येक कोन तेवढ्याने चुकतो, हे उघड असूनही मी आधी तसेच मोजायला बसलो होतो. शेवटी २८ × १½ मापाचे दोन टायर आणि दोन ट्यूब घेतल्या; खर्च १०४० रुपये. दोन्ही चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला आणि सायकल पुसून दांड्यांवरचे जुने ग्रीस रॉकेलने उतरवले. हवा भरल्यावर ॲक्सलच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर दोन्ही चाकांना ३५३ मिमी भरले. हे माप पुढे प्रत्येक वेळी आधी तपासले.

१० नोव्हेंबर

सायकल गॅलरीत तिच्या स्टँडवर उभी केली, मोबाइलमधले कोन दाखवणारे ॲप उघडले आणि मोबाइलची कड नळ्यांना टेकवली. सीटच्या नळीचा जमिनीशी कोन ६८.४ अंश आला आणि हेडच्या नळीचा (हँडलखालची, पुढच्या चाकाचा चिमटा जिच्यात फिरतो ती) ६७.२. काम दहा मिनिटांत झाले असे वाटले. खात्री करण्यासाठी सायकल उलट तोंडाने उभी केली, तर तेच कोन ६७.० आणि ६५.८ झाले.

एकाच वेळी तीन चुका झाल्या होत्या. गॅलरीच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. आमच्या गॅलरीत तो सायकलच्या लांबीत सुमारे १४ मिमी, म्हणजे ०.७ अंश निघाला. दुसरी चूक स्टँडची. या सायकलींचा मागचा दुपायी स्टँड चाक जमिनीवरून उचलतो. इथे ते ३० मिमी उचलले गेल्याने सगळी फ्रेम दीड अंशाने पुढे झुकली होती आणि दोन्ही कोन तेवढेच वाढीव दिसत होते. तिसरी चूक मोबाइलची. त्याच्या कडेवरची बटणे हेडच्या नळीवर टेकत होती, त्यामुळे तोच मोबाइल उलटा धरला की आकडा दोन अंशांहून अधिक बदलत होता. फरशीवर मोबाइल ठेवून, तो जागच्या जागी १८० अंश फिरवून पुन्हा वाचला तर त्याची स्वतःची चूक कळते, ही साधी तपासणी मी शेवटी केली. ती सर्वांत आधी करायला हवी होती.

दिवसभरातले सगळे आकडे खोडले.

१२ नोव्हेंबर

आज फक्त पातळी. बांधकामावर गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी ६० रुपयांना आणली, तिच्यात पाणी भरून हवेचे बुडबुडे काढले आणि हॉलमध्ये दोन्ही चाके टेकतील त्या जागांची उंची ताडून पाहिली. पुढच्या चाकाची जागा ५ मिमी खाली होती. सनमायकाचे एक-एक मिमी जाडीचे पाच तुकडे पुढच्या चाकाखाली सरकवून ती भरून काढली. बुडबुडा राहिलेली नळी खोटी पातळी दाखवते, म्हणून हे दोनदा केले.

सायकल स्टँडशिवाय उभी ठेवण्यासाठी सीटखालून दोन बाजूंना दोऱ्या बांधल्या, एक खिडकीच्या गजाला आणि एक जड कपाटाच्या पायाला. मागून पाहून सीटच्या नळीवरून ओळंबा सोडला आणि नळी उभ्या रेषेत आणली. यात फार वेळ घालवू नये, कारण सायकल एक-दोन अंश बाजूला कलली तरी बाजूने दिसणाऱ्या कोनात नगण्य फरक पडतो. हँडल सरळ असणे मात्र आवश्यक आहे; ते थोडेही वळलेले राहिले तर पुढच्या ॲक्सलची जागा बदलते. माझी अर्धी संध्याकाळ कलण्याची काळजी करण्यात गेली आणि हँडलकडे लक्षच गेले नाही.

१६ नोव्हेंबर

आता कोन थेट न मोजता बिंदूंच्या जागा मोजण्याची पद्धत घेतली. फरशीवर तपकिरी कागद चिकटवला, फ्रेमवरच्या प्रत्येक बिंदूतून ओळंबा सोडून कागदावर खूण केली आणि त्या बिंदूची जमिनीपासूनची उंची लिहून घेतली. दोन बिंदूंमधले आडवे आणि उभे अंतर कळले की कोन कॅल्क्युलेटरवर निघतो. चेनकव्हर आणि चेनचे चक्र आड येऊ नये म्हणून सगळे काम डाव्या बाजूने केले.

नळीचा बाजूवरचा मध्य नजरेने धरू नये. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून बरोबर एका वेढ्याएवढी कापली, तिला घडी घालून चार समान भाग पाडले आणि पुन्हा गुंडाळली. एक घडी नळीच्या पुढच्या मध्यावर ठेवली की पुढची घडी बरोबर बाजूच्या मध्यावर येते. सीटच्या नळीवर अशा दोन खुणा ५०० मिमी अंतरावर केल्या. त्यांच्यातले आडवे अंतर २०२ मिमी आणि उभे ४५७.५ मिमी निघाले, कोन ६६.२ अंश. याच दोन अंतरांवरून कर्ण काढला तर तो ५०० मिमीच येतो, त्यामुळे वाचनात ढोबळ चूक नाही याची खात्री झाली. ५०० मिमी लांबीवर एका मिमीची चूक झाली तर कोनात सुमारे ०.१ अंशाचा फरक पडतो, तेवढा मला चालणार होता.

टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी सैल असते आणि ती एक मिमी खाते किंवा वाढवते. म्हणून टेप नेहमी १०० मिमीच्या रेघेपासून धरला आणि शेवटी शंभर वजा केले.

हेडच्या नळीने मात्र दाद दिली नाही. ती आखूड आहे, खुणा १४० मिमीपेक्षा दूर करता येत नाहीत, आणि तेवढ्या लांबीवर एक मिमी म्हणजे ०.४ अंश. शिवाय चिमट्याची वरची टोपी (त्याच्या दोन नळ्या जिथे जुळतात तो भाग) हेडच्या नळीपेक्षा रुंद असल्याने ओळंब्याची दोरी तिच्यावर टेकत होती. तीन वेळा मोजून ६५.१, ६६.९ आणि ६७.४ असे आकडे आले. रात्री अकरा वाजता काम थांबवले.

१७ नोव्हेंबर

यावर उपाय हार्डवेअरच्या दुकानात १४० रुपयांना मिळाला : ६०० मिमी लांबीचा ॲल्युमिनिअमचा एल-अँगल. त्याची आतली खाच गोल नळीवर बसवली की तो आपोआप नळीच्या अक्षाला समांतर राहतो. जुन्या ट्यूबच्या रबराने तो हेडच्या नळीच्या बाजूवर आवळून बांधला. या नळीच्या दोन्ही टोकांना लग (दांड्या जोडणारी जाड कडी) आहेत आणि व्हर्नियरने पाहिले तर त्यांचा बाहेरचा व्यास ३६.२ आणि ३६.९ मिमी, म्हणजे असमान आहे. अँगल नळीच्या पुढच्या अंगावर बांधला असता तर हा फरक थेट कोनात उतरला असता. बाजूवर बांधल्याने अँगल किंचित बाहेरच्या दिशेला कलतो, पुढे-मागे कलत नाही, आणि बाजूने पाहिलेला कोन शाबूत राहतो. दोरी टोपीवर टेकू नये म्हणून ८० मिमी जाडीचा लाकडी ठोकळा प्रत्येक बिंदूवर आडवा धरून त्याच्या बाहेरच्या कडेवरून ओळंबा सोडला.

आता अँगलवरच्या ५०० मिमी अंतरात चार वेळा मोजून हेडचा कोन ६६.१ ते ६६.३ च्या आत राहिला. ६६.२ धरला. सीटच्या नळीचा कोनही तोच असल्याने दोन्ही नळ्या समांतर आहेत. अशा जुन्या रोडस्टरच्या, म्हणजे रोजच्या वापराच्या साध्या सायकलच्या, बाबतीत हे अपेक्षित होते, आणि हेड मागे दबलेले नाही याचीही ती खूण होती. समोरून धडक बसून हेड मागे दबते तेव्हा त्याचा कोन सीटच्या कोनापेक्षा उभा होतो. वरच्या आणि खालच्या तिरप्या दांडीच्या हेडजवळच्या भागावरून बोट फिरवून पाहिले. सुरकुती नाही, रंगाला तडाही नाही.

बाकीची मापे : चाकांच्या मध्यांमधले अंतर ११३६ मिमी, क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ४८५ मिमी, क्रँकच्या ॲक्सलची जमिनीपासून उंची ३०१ मिमी. मागचे ॲक्सल खाचेत पुढे-मागे सरकते, त्यामुळे ४८५ हा आकडा चेनच्या आजच्या ताणापुरता आहे. खाचेतली ॲक्सलची जागा कागदावर वेगळी आखली.

एक गोष्ट खटकली. वरची दांडी या घडणीत जमिनीला समांतर असते. इथे ५६० मिमी लांबीत तिचे पुढचे टोक मागच्यापेक्षा ७.५ मिमी वर होते.

१९ नोव्हेंबर

पातळीच चुकली असे समजून आजची संध्याकाळ पाण्याच्या नळीने पुन्हा मोजण्यात घालवली. पातळी बरोबर होती. टायरची हवाही बरोबर होती. दांडी खरोखरच ०.८ अंशाने वर उचललेली होती आणि याचा अर्थ मला त्या क्षणी लागला नाही.

२० नोव्हेंबर

आज दोरीची तपासणी. मागचे चाक काढून, मागच्या एका खाचेपासून दोरी पुढे नेऊन हेडच्या नळीला वळसा घातला आणि दुसऱ्या खाचेत घट्ट बांधली. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर सारखे यायला हवे. डावीकडे २७ मिमी, उजवीकडे ३२. मागचा त्रिकोण वाकला आहे असे समजून मी खचलो. अर्ध्या तासाने दिसले की उजवीकडची दोरी चेनकव्हरच्या पट्टीवर टेकून बाहेर ढकलली जात होती. कव्हर काढल्यावर उजवीकडचे अंतर २८.५ झाले. दीड मिमीचा फरक म्हणजे मध्यरेषेपासून पाऊण मिमी, आणि एवढ्या जुन्या फ्रेमला तो मला मान्य आहे. दोरी बांधण्याआधी चेनकव्हर, पंप अडकवायचे हुक आणि कुलूप उतरवावे.

२१ नोव्हेंबर

तपकिरी कागदावरच्या बिंदूंवरून पूर्ण आकाराचे चित्र काढले आणि हेडच्या नळीची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली. उत्तर तिथेच होते. सरळ चिमट्याच्या दोन्ही नळ्यांचा वरचा भाग हेडच्या रेषेतच उतरतो आणि बाक खाली ॲक्सलजवळ असतो. माझ्या चित्रात चिमटा टोपीखालूनच मागे वळलेला होता. सायकलवर हेडला एल-अँगल आणि चिमट्याच्या वरच्या सरळ भागाला स्टीलची पट्टी लावून पाहिली, तर १५० मिमी लांबीत दोन्ही रेषा १० ते ११ मिमी दूर जात होत्या. म्हणजे सुमारे चार अंश.

वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात रात्री मिरजेच्या रस्त्यावर दगडाला धडकलो होतो. चाक नवं घातलं आणि चिमटा तापवून सरळ करून घेतला होता. हँडल तेव्हापासूनच जड लागायचं.”

चिमटा सरळ झालेला नव्हता. तो निम्माच परत आला असावा.

२३ नोव्हेंबर

चिमटा काढला. रॉड ब्रेक, हँडल, वरची नट आणि कप उतरवताना छर्रे फरशीवर सांडले आणि दोन कपाटाखाली गेले ते सापडले नाहीत. खाली जुनी चादर अंथरायला हवी होती. नवे छर्रे आणि ग्रीस ९० रुपये.

चिमट्याची वरची, हेडमध्ये बसणारी नळी टेबलावर दोन सारख्या उंचीच्या ठोकळ्यांवर आडवी ठेवली, बाक वरच्या बाजूला केला आणि नळीच्या मध्याची व ॲक्सलच्या मध्याची उंची टेबलापासून मोजली. हा फरक, म्हणजे चिमट्याचा बाक, ५२ मिमी. टोपी नळीला काटकोनात होती, म्हणजे वाक टोपीखालच्या नळ्यांत आहे. टोपीपासून ॲक्सलपर्यंतचे सरळ अंतर ३९३ मिमी.

मग उलटे गणित केले. चार अंश वाक पुढे फिरवला तर बाक ५२ वरून ८० मिमीच्या आसपास जातो. चिमटा मागे वळल्यामुळे ॲक्सल टोपीच्या अधिक खाली आले असणार, म्हणजे तेवढ्याने सायकलचे पुढचे अंग उचलले गेले असणार. हा आकडा १५ मिमी निघतो. इकडे वरच्या दांडीचा ०.८ अंशाचा चढ चाकांमधल्या अंतरावर पसरवला तर तोही १५ मिमीच येतो. चिमट्याचा कोन आणि दांडीचा चढ ही दोन स्वतंत्र मापे, आणि दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचली. १९ तारखेला ज्या आकड्याला मी चूक समजत होतो त्यानेच निदान पक्के केले. फ्रेमचे मूळ कोन त्यामुळे ६६.२ नसून ६७ अंश आहेत आणि क्रँकची उंचीही मुळात २९५ मिमीच्या जवळ असली पाहिजे.

हँडल जड का, तेही याच आकड्यांतून निघते. हेडची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून टायर टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर, म्हणजे ट्रेल, काढण्यासाठी चाकाच्या त्रिज्येला हेडच्या कोनाच्या कोसाइनने गुणावे, त्यातून चिमट्याचा बाक वजा करावा आणि उरलेल्याला त्याच कोनाच्या साइनने भागावे. वाकलेल्या चिमट्याने ट्रेल ९९ मिमी येतो. ८० मिमी बाक आणि ६७ अंश कोन धरला तर ६३. चाक जमिनीवर इतके मागे टेकत असेल तर सावकाश चालीत हँडल वळवताना ते आत पडणारच.

जुना चिमटा पुन्हा सरळ करून घ्यायचा नाही असे ठरवले. एकदा वाकलेले, तापवलेले आणि परत वळवलेले पोलाद टोपीच्या सांध्याजवळच आहे आणि तिथे तडा गेला तर सायकलस्वार तोंडावर पडतो. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

२४ नोव्हेंबर

रविवार असल्याने सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. रॉड ब्रेकच्या सायकलीचे तीन चिमटे मिळाले. दोन तिथेच बाद केले : पट्टी लावल्यावर एकाच्या नळ्या वरूनच वळलेल्या दिसल्या आणि दुसऱ्याची दोन टोके एका रेषेत नव्हती. तिसरा ३०० रुपयांना घेतला. घरी आल्यावर जुनी नट त्यावर दोन आटे फिरली आणि अडकली. आटे वेगळे होते. वरच्या नळीची लांबी आणि व्यास मी लिहून नेला होता, नट मात्र खिशात टाकली नव्हती.

२७ नोव्हेंबर

बुधवारच्या बाजारात नट आणि खालचा कप सोबत नेले. विक्रेत्याने आधीचा चिमटा ५० रुपये कापून परत घेतला आणि त्याच किमतीत दुसरा दिला. नट हाताने शेवटपर्यंत फिरली, कपही बसला. वरची नळी ८ मिमी लांब आहे, ती वायसर घालून भरून काढली. टेबलावर मोजला तेव्हा बाक ७९ मिमी आला आणि दोन्ही टोकांत अर्ध्या मिमीपेक्षा कमी फरक होता.

१ डिसेंबर

सायकल जोडली, हॉलमध्ये त्याच जागी, त्याच सनमायकाच्या तुकड्यांवर उभी केली आणि सगळे पुन्हा मोजले. वरच्या दांडीच्या दोन टोकांत आता एक मिमीपेक्षा कमी फरक आहे. हेडचा कोन ६६.९ अंश, सीटचा ६७.०, चाकांमधले अंतर ११५८ मिमी, क्रँकची उंची २९५ मिमी, म्हणजे क्रँकचे ॲक्सल चाकांच्या ॲक्सलपेक्षा ५८ मिमी खाली, क्रँकपासून मागचे ॲक्सल ४८५ मिमी, सीटची नळी क्रँकच्या मध्यापासून वरच्या टोकापर्यंत ६१० मिमी, बाक ७९ आणि ट्रेल सुमारे ६५ मिमी. कोनांवर ०.२ अंश आणि लांब्यांवर २ मिमी एवढी चूक मी गृहीत धरतो. याहून बारीक आकडा या साधनांनी मिळाला असे मी म्हणणार नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात चालवून पाहिली. पायी चालण्याच्या वेगाला वळतानाही पुढचे चाक आत पडत नाही.

मोजण्याच्या साधनांचा खर्च ७६० रुपये झाला : ओळंबा ११०, एल-अँगल १४०, पाण्याची नळी ६०, स्टीलची पट्टी १३० आणि व्हर्नियर ३२०. टायर-ट्यूब १०४०, चिमटा बदलण्याच्या ५० रुपयांसह ३५०, छर्रे आणि ग्रीस ९०. एकूण २२४० रुपये. वेळ सुमारे सव्वीस तास लागला, त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांच्या आणि १९ तारखेच्या चुकांनी घेतले.

क्रँकच्या नळीची रुंदी आणि आटे मोजायचे राहिले आहेत. डावी कॉटर पिन (क्रँक ॲक्सलवर पक्की धरणारी पाचर) निघाली, उजवी गंजून बसली आहे. हातोडीने ठोकताना तिचे आटे चेपू लागले म्हणून थांबलो, नट परत टोकापर्यंत लावली आणि पिनीभोवती तेल सोडून ठेवले आहे. बुधवारी खाली लोखंडी नळीचा टेकू देऊन पुन्हा ठोकून पाहीन.